जिन्यातला धूर

नांदेड, रविवार

प्रिय दयानंद,

फोन मुद्दामच केला नाही. तू बोलायला लागलास की माझा राग विरघळतो, चाकूरच्या शाळेपासूनची सवय आहे ती. या वेळी तो विरघळू द्यायचा नाही, म्हणून ड्यूटी संपल्यावर फायर स्टेशनातच कागद घेऊन बसलोय. पत्र पुरतं वाच. अर्ध्यात घडी घालून खिशात टाकू नकोस.

गेल्या मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला कॉल आला. श्रीयोग हाइट्स, बारा मजले. तुला पत्ता सांगायची गरज नाही. चौथ्या मजल्यावर एका घरात इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी चार्जिंगला लावली होती, ती पेटली. नवराबायको लेकराला उचलून पळाले, पण घराचं दार मागे सताड उघडं राहिलं. आग म्हणशील तर एका हॉलची. ट्रेनिंगमध्ये आपण दोघांनी याच्या चौपट विझवल्यात. खाली जमलेले लोक खिडकीतल्या ज्वाळांकडे बोट दाखवून ओरडत होते. मी मात्र गच्चीकडे बघत होतो. गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीतून, दाराच्या फटीफटीतून काळा धूर निघत होता. सगळा जिना भरला होता.

आठवतं का, ट्रेनिंगमध्ये तूच मला समजावलं होतंस? माझ्या डोक्यात ते शिरत नव्हतं, तर तू मेसच्या भिंतीवर कोळशानं इमारत काढलीस. म्हणालास, ‘मल्ल्या, माणूस जाळानं कमी मरतो, धुरानं जास्त. जिन्यात धूर शिरला की त्याचं धुराडं होतं.’ म्हणून प्रत्येक मजल्यावर आपोआप मिटणारं जड दार, आणि म्हणूनच गच्चीवर तो मोठा पंखा. आगीची घंटा वाजली की त्यानं जिन्यात स्वच्छ हवा दाबून भरायची, म्हणजे धूर आत यायचं नाव घेणार नाही. परीक्षेत मी पास झालो तो तुझ्या त्या चित्रावर.

श्रीयोगमध्ये काय होतं ते ऐक. चौथ्या मजल्याचं जड दार बिजागरीतून काढून पार्किंगमध्ये उभं केलेलं, कारण कुणाचा तरी सोफा आत जात नव्हता. सातव्याचं सुतळीनं कठड्याला बांधलेलं, सारखं मिटतं म्हणून. गच्चीच्या दाराला कुलूप, आणि किल्ली सोसायटीचे चेअरमन अण्णाराव यांच्या खिशात. अण्णाराव लग्नाला उदगीरला. आणि पंखा? बारा मजले धुरानं भरले तरी त्याचं पातं हललं नाही.

मी आणि बबिता, आमच्याकडची नवी फायरवुमन, पाठीवर हवेच्या टाक्या घेऊन आत शिरलो. समोर धरलेला हातही दिसत नव्हता. आमच्या गाडीवरच्या व्यंकटला मी शेजारच्या विंगवरून गच्चीवर पाठवलं. विंगांच्या गच्च्या जोडलेल्या आहेत. कुऱ्हाड घेऊन तो कुलपापाशी उभा राहिला. पण माझा हुकूम होता, मी सांगेपर्यंत फोडायचं नाही. का, ते तुला माहीत आहे. खाली पेटत्या घराचं दार उघडं असताना वरचं दार उघडलं, तर जिना सगळा जाळ आणि धूर वर ओढतो. पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये पाच माणसं जिन्यात अडकली होती. त्यांचा खोकला मला ऐकू येत होता.

घराचं दार मिटेना. एक तर आमचा पाइप आडवा, त्यात चौकट जळून फुगलेली. धूर अडवायचा पडदा मिळतो बाजारात. तीन वर्षं मागणी करतोय, अजून आलेला नाही. बबितानं तिसऱ्या मजल्यावरून कुणाची तरी सोलापुरी चादर आणली, ती पाण्यात बुचकळून आम्ही चौकटीवर ताणत होतो. तेवढ्यात वॉकीटॉकीवर व्यंकट बोलला. ‘दादा, आतून कुणीतरी दार वाजवून राहिलंय. बाईचा आवाज हाय. फोडू का?’

मी म्हणालो, ‘थांब.’

तो परत म्हणाला, ‘दादा, लई जोरात वाजवतेत.’

मी परत म्हणालो, ‘थांब म्हटलं ना!’

चादर बसायला दोन मिनिटं लागली असतील, कदाचित तीन. मी घड्याळ बघितलं नाही. चादर बसली, चौथ्यावरचा धूर हटला, तशी मी ‘फोड’ म्हणून ओरडलो. व्यंकटनं तीन घावांत दार पाडलं. जिना वरून मोकळा झाला. अडकलेली पाचही माणसं बबितानं खाली आणली, जिवंत. गच्चीच्या दारामागे दोघी होत्या. अकराव्या मजल्यावरची उज्वला आणि तिची आई पंचफुलाबाई. उज्वला वाचली. पंचफुलाबाई आठच दिवसांपूर्वी अर्धापूरजवळच्या गावातून लेकीकडे आल्या होत्या. जन्मभर केळीच्या बागेत राबलेली बाई, अंगावर भाजल्याचा एक डाग नव्हता. नाकाभोवती नुसती काजळी.

त्याच जिन्याला लागून नवव्या मजल्यावर तनुजा नावाच्या शिक्षिका राहतात. त्यांनी घाबरून फोन केला, तेव्हा आमच्या कंट्रोलरूमनं सांगितलं की जिन्यात पाऊल टाकू नका, दार लावा, खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबा आणि गॅलरीत उभे राहा. त्यांनी शेजारच्या दोन घरांनाही आत घेतलं. आठ माणसं, एकालाही सलाईन लावावं लागलं नाही. एका बंद दाराची आणि एका ओल्या टॉवेलची गोष्ट होती रे! इतकं साधं! त्या इमारतीत एका माणसानंही लोकांना हे कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं काम ज्यांचं, ते कागद भरत होते.

बुधवारी दवाखान्यात गेलो. उज्वलानं माझा हात धरला. म्हणाली, ‘दादा, भाईर कुणीतरी हाय, बोलून राहिलंय, असं मायला ऐकू आलं होतं. ती म्हणली, आता उघडतेत बघ. मग उघडलं का न्हाई?’ चौदा माणसं वाचवली म्हणून साहेबांनी पाठ थोपटली, त्याच दिवशी.

त्या पंख्याची वायर जोडलेलीच नव्हती, दयानंद. टोकाला काळी टेप गुंडाळून ती भिंतीवर लोंबत होती. आणि खाली अण्णारावांच्या ऑफिसात काचेच्या फ्रेममध्ये तुझ्या आगयंत्रणा तपासणाऱ्या एजन्सीचं सहामाही प्रमाणपत्र, पंखा चालू, दारं व्यवस्थित, गच्चीचा मार्ग मोकळा. खाली तुझी सही. तो वळणदार ‘द’ मी कुठंही ओळखतो. लातूरला ऑफिसात बसून केलीस ना ती सही? बारा जिने चढून गेला असतास तर दम लागला असता, एवढंच झालं असतं.

पण तुला शिव्या घालायला मी बसलेलो नाही, म्हणजे फक्त त्यासाठी बसलेलो नाही. मार्चमध्ये श्रीयोगला आमची मॉक ड्रिल झाली, तेव्हा ती टेप मी स्वतः बघितली होती. तिथूनच तुला फोन केला. तू हसलास, ‘अरे, पुढच्या महिन्यात जोडतेत ते. तू कशाला कुणाच्या नोकरीवर उठतो?’ आणि मी ड्रिलच्या अहवालात लिहिलं, ‘सर्व यंत्रणा समाधानकारक.’ तुझ्यासाठी लिहिलं. हे आजवर कुणालाच माहीत नाही.

येत्या गुरुवारी अकरा वाजता चौकशीत माझा जबाब आहे. टेप, तुझा फोन, माझा अहवाल आणि मी दोनदा म्हटलेलं ‘थांब’, सगळं सांगणार आहे. नोकरी जाईल, कदाचित आणखीही काही. लक्ष्मीबाई मावशींना, तुझ्या आईला, काय वाटेल याचा विचार करून दोन रात्री काढल्या, तरी सांगणारच. माझ्या आधी तू येऊन तुझ्या तोंडानं सांगावंस, एवढ्यासाठी हे पत्र आहे. बुधवारी ये, माझ्याकडेच उतर. आणि येताना तू न बघता सह्या केल्यास त्या सगळ्या इमारतींची यादी घेऊन ये, लातूरची, नांदेडची, असतील तिथली. त्या घरांमध्ये माणसं राहतायत.

तुझाच,
मल्लिकार्जुन