धाकट्याची कोर्टातली कविता

अण्णा,

उद्या वकील घरी येणार आहेत, सोबत डॉक्टर. धाकट्याला बघायला. सकाळपासून मी नुसत्या येरझारा घालतोय आणि तो खिडकीशी बसून मला हसतोय. केस पिकले त्याचे, अण्णा, हसणं मात्र तेच, चार वर्षांच्या पोराचं. माझ्यामागे त्याचं कोण बघणार, ते कायद्याने ठरवून ठेवायचंय. तुम्हालाही तेव्हा हेच करायचं होतं.

मुलुंडची ही खोली मामांनी त्याच्या नावे केलेली. तो अठराचा झाला तसे वकील तुम्हाला म्हणाले, "आता कायद्याने तो जाणता. उद्या कुणी गोड बोलून अंगठा घेतला, की बसा बोंबलत. कोर्टाकडून पालक नेमून घ्या." म्हणजे जज्जसाहेबांना पटवायचं, की पोराला काही कळत नाही. एवढंच. पण आईला ते सोसवेना. "चार लोकांत माझं लेकरू वेंधळं दिसायला नको," म्हणाली. तिने सदऱ्याला इस्त्री केली, तेल लावून भांग पाडला. आणि मी कवितावेडा. शाळेच्या पुस्तकातली पाखरांची कविता महिनाभर त्याच्याकडून घोकून घेतली. तुम्ही खाटेवर पडून ऐकायचात. अडवलं नाहीत.

कोर्टात जज्जसाहेब विचारतात, "नाव काय रे तुझं?" धाकटा हात जोडतो आणि थेट कविताच सुरू करतो. चालीत, एक ओळ न चुकता. साहेब चष्मा काढून म्हणतात, "अहो, याला काय झालंय? चोख म्हणतो की!" "वाट लागली," आपले वकील पुटपुटतात. मी तुमच्याकडे बघतो. तुमची मान ताठ झालेली, आणि डोळे भरलेले.

अर्ज फेटाळला गेला. बाहेर उसाचा रस पिताना तुम्ही मला म्हणालात, "आता तूच त्याचा कागद रे." आणि त्याला शिकवलंत, कुणी अंगठा मागितला की हात पाठीमागे. अजून करतो. मागे मत द्यायला नेला, तर बोटाला शाई लावणाऱ्या बाईंसमोरही दोन्ही हात मागे! "आजोबा, लाजताय काय?" म्हणाल्या त्या.

या वेळी ठरवलंय, तो आहे तसाच डॉक्टरांना दिसू दे. तुम्हाला सांगून जिवाची तगमग जरा शमेल म्हणून लिहायला बसलो. पाठवणार कुठे, राहील उशीखाली. पण खरं सांगू? मघाशी मी त्याचा भांग पाडला. तेलाचा हात लागताच तो आपणहून कविता म्हणू लागला, तिसऱ्या ओळीला अडला, आणि पुढची ओळ मीच सांगितली.