वॉलमनचा नकाशा

अण्णा, तुमच्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे आणि ती मी यथाविधी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता नोंदवतो आहे. तुमच्यामुळे माझ्या घरातला एकही नळ माझ्याशिवाय कोणाला उघडता येत नाही. नळ बंद करताना शेवटचा अर्धा पीळ द्यायची तुमची सवय माझ्या मनगटात उतरली, आणि इथे पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, माउंट रॉस्किल उपनगरातल्या भाड्याच्या घरात तिने या वर्षात चार वायसर खाल्ले. घरमालक म्हणतो, नळ जुने आहेत. बायको म्हणते, माणूस जुना आहे. मुलीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते. परवा दात घासायला गेली, नळाशी झटापट केली आणि आतूनच म्हणाली, "बाबा, हीप्स ऑफ पीपल जस्ट टर्न इट ऑफ." म्हणजे नळ नुसता बंद करणारी माणसंही जगात पुष्कळ आहेत. या अपमानाची जबाबदारी सर्वस्वी तुमची आहे, याची नोंद घ्यावी.

तुमचं पंपहाऊस अजून कानात आहे. आईची शाळा दुपारची, त्यामुळे मला ठेवायला दुसरी जागा नव्हती. पंपाच्या धडधडीत बसून मी रूपं पाठ करायचो. संस्कृत तुम्हाला येत नव्हतं, पण ते 'स्कोअरिंग' असतं असं कोणीतरी तुम्हाला सांगितलं होतं, आणि तेवढ्या शिफारशीवर तुम्ही देववाणीला आपल्या घरात प्रवेश दिलात. मी अडखळलो की पेपरातून मान वर न काढता तुम्ही म्हणायचात, "हवा धरली." पंपाने हवा धरली की त्याचा आवाज बदलतो, तसा माझाही बदलत असे म्हणे. चतुर्थीच्या बहुवचनात मी हमखास हवा धरायचो. मग तुम्ही उठून चहा ठेवायचात, अर्धा कप माझ्यापुढे सरकवायचात आणि म्हणायचात, "हं, परत चालू कर." दोन्ही यंत्रांवर तुमची सारखीच माया होती.

सायकलच्या दांडीला बांधलेली ती वॉल फिरवायची लोखंडी चावी जवळजवळ तुमच्याइतकी उंच होती. कुठल्या आळीचं पाणी बंद करायचा वॉल कुठे आहे, हे फक्त तुम्हाला ठाऊक. रस्त्यावर डांबराचे थर चढले, वॉलची झाकणं गाडली गेली, पण तुम्ही सुताराच्या ओट्यापासून सात पावलं मोजायचात, टाच आपटायचात आणि मजुराला सांगायचात, "खण इथे." डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीत आलो तेव्हा मी मोठ्या उत्साहाने ड्रॉइंग शीट पसरलं. म्हटलं, अण्णा, तुम्ही जागा सांगा, मी नकाशा काढतो. तुम्ही जेवत होतात. हातातला घास ताटात ठेवलात. "कागदावर उतरलं की मला विचारायला कोण येणार रे?" एवढंच बोललात. मी शीट गुंडाळलं आणि तुमच्यावर आठवडाभर रुसलो. तुम्ही गेलात त्याच वर्षी मुख्य लाइन फुटली आणि वॉल काही सापडेना. नऊ दिवस रस्ता खणत होते, नऊ दिवस गाव कोरडं. आईने फोनवर सांगितलं, "लोक म्हणतायत, अण्णा असते तर." तिच्या आवाजात अभिमान होता. मी इकडे ओटाहुहुच्या स्टेशनवर उभा होतो, आणि मला राहून राहून ते गुंडाळलेलं शीट दिसत होतं.

आता माझं काम सांगतो, म्हणजे हसाल. मीही पाण्यातच आहे, फक्त कोरड्या. इथल्या एका धर्मादाय संस्थेत बसून अर्ज तपासतो. ज्या गावांवर युद्ध आलं आहे, तिथला पाणीपुरवठा आणि घरं गरम ठेवणाऱ्या पाइपलाइनी हिवाळ्यात तग धराव्यात म्हणून ही संस्था अनुदान देते. पाइपांना जाड वेष्टण, पंपाला जनरेटर, गंजलेल्या वॉलच्या जागी नवे, असं सगळं. थंडीतलं पाणी म्हणजे तुमच्या लेखी अंघोळीची कुरकूर. तिकडे हल्ल्यात वीज गेली आणि पंप थांबला, की पाइपातलं उभं पाणी काही तासांत गोठतं, फुगतं आणि लोखंड फोडतं. मग वसंतापर्यंत नळही नाही आणि ऊबही नाही. तसं होण्याआधी वॉल बंद करून लाइन रिकामी करावी लागते. म्हणून आमच्या अर्जात वॉलचा नकाशा जोडायची अट आहे. ती अट मीच घातली. का घातली, ते तुम्हाला सांगायला नको.

ऑक्टोबरात एका लहान गावाचा अर्ज आला. सगळं नीट, नकाशा तेवढा नाही. तिथल्या पाणीखात्याच्या मुख्य बाई व्हिडिओवर आल्या. माझ्याच वयाच्या असतील. त्या ऑफिसात कोट घालून, मी रात्री घरच्या स्वयंपाकघरात जँडल, म्हणजे रबरी चपला, घालून. मी नकाशाचं विचारलं. त्या तुटक इंग्रजीत म्हणाल्या, जुनं ऑफिस जळलं त्यात नकाशा गेला, आणि ज्या म्हाताऱ्याला सगळं पाठ होतं तो युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात वारला.

"मग तुम्ही लाइन शोधता कशी?"

बाई चक्क हसल्या. "बर्फ पडला की गरम पाइपावरचा आधी वितळतो. रस्त्यावर काळी रेघ उमटते. पण तोवर जमीन दगड झालेली असते, खणता येत नाही." मग म्हणाल्या, "वॉलच्या बऱ्याच जागा मला पावलांनी माहीत आहेत. त्या म्हाताऱ्याच्या मागे पुष्कळ हिंडले आहे मी."

पावलांनी, अण्णा. हे ऐकून कोणीही शहाणा माणूस विरघळला असता. मी मात्र शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'नकाशा जोडलेला नाही, पूर्ततेसाठी परत.' ते नऊ दिवस माझ्या मानगुटीवर बसले होते, आणि नियम माझाच होता. शेजारच्या टेबलावरचा सहकारी पुकेकोहेला कांद्या-बटाट्याच्या शेतावर वाढलेला, भला माणूस. तो म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, मेट. काही बिघडत नाही, फेब्रुवारीत घेऊ." कारण डिसेंबर अर्धा सरला की हा अख्खा देश दुकान बंद करतो आणि तंबू आणि टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घेऊन समुद्रावर जातो. अनुदान मंजूर करणारे विश्वस्तही जातात. इथला उन्हाळा तो तिकडचा हिवाळा, हे पाचवीच्या भूगोलातलं सत्य अर्ज परत पाठवताना मला आठवलं नाही. आठवलं तेव्हा बाईंच्या गावात पहिला बर्फ पडून गेला होता.

तरीही वेळ होती. विश्वस्त मंडळाची वर्षातली शेवटची बैठक गेल्या आठवड्यात झाली. अध्यक्षबाईंनी जाता जाता विचारलं, "एनीथिंग अर्जंट?" मला सांगता आलं असतं की गाव नकाशाशिवायही चालतं, एका माणसाच्या पावलांवर चालतं. या बाईंना अनुदान आत्ता द्या, नकाशा त्यांच्याकडून सावकाश काढून घेऊ. त्यांनी ऐकलंही असतं. फक्त विचारलं असतं, तुला कसं ठाऊक? आणि मग माझे वडील वॉलमन होते, हे सांगावं लागलं असतं. गेली बावीस वर्षं मी इथे सगळ्यांना सांगत आलो आहे की तुम्ही वॉटर इंजिनिअर होतात. मी म्हणालो, "नो, ऑल गुड."

हे पत्र टाकायला पेटी नाही, हे बरंच आहे. असती तरी मी ते खिशात घालून परत आलो असतो. सोमवारी मी बाईंना माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून मेल केला, की जागा आठवतील तशा लिहून पाठवा, मी विश्वस्तांना सुट्टीतून उठवतो. उत्तर नाही. मंगळवारी पुन्हा केला. आज शुक्रवार. इथे संध्याकाळचे आठ वाजले आहेत, अंगणात अजून ऊन आहे, आणि फोन सांगतो की तिकडे उणे चौदा. "वीज गेली असेल, म्हणून उत्तर नसेल," बायको म्हणते. त्याने मला धीर येईल असं तिला वाटतं. वीज गेली असेल तर पंप थांबला असेल, हे मी तिला सांगितलेलं नाही. त्या गावाचं पाणी माझ्यामुळे गोठलं असेल, अण्णा, याची मला भीती वाटते.