खिडकीत अडकलेले बाबा

तीर्थरूप आत्यास,

इथूनच वाकून नमस्कार. (पत्रातला नमस्कार माझ्या कमरेला सोसतो.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे परवापर्यंत होतो. परवा तुझं पुस्तक आलं.

खरं सांगायचं तर, स्वतःच्या आयुष्यावर विनोदी लिहिणाऱ्यांची मला धास्ती वाटते. आपलं दूध उतू गेलं तर आपण ओटा पुसतो. हे लोक त्यावर पानंच्या पानं लिहितात आणि त्यात नातेवाईक फुकट राबतात. आपण हसत असतो खरे, पण पुढच्या पानावर आपणच निघू म्हणून छातीत धडधडत असतं. (मी एकदाच निघालो, 'ढेरपोट्या भाचा' म्हणून. वाईट वाटलं. पुढे कितीही शोधलं तरी पुन्हा निघालो नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं.)

तर दुपारची वेळ. लाँड्रीत गिऱ्हाईक नव्हतं, वाफेने काचा धुरकटल्या होत्या आणि टांगलेले शर्ट पंख्याच्या वाऱ्याने झोपेत कूस बदलल्यासारखे हलत होते. माझ्या एका हातात इस्त्री, एका हातात तुझं पुस्तक. त्यात बाबा आले. तरुण बाबा, शेजारचा रेडिओ ऐकायला खिडकीच्या गजांत डोकं घालतात, ते अडकतं, आणि सुतार येईपर्यंत ते रेडिओबरोबर मोकळ्या गळ्याने गात राहतात. मी हसलो, हसता हसता डोळे मिटले, आणि त्या वाफेत बाबा दिसायला लागले, नुसतं डोकं, गाणारं. आत्या, याच टेबलाशी त्यांनी जन्म काढला आणि जाईपर्यंत "कॉलर नीट कर" याच्यापलीकडे माझ्याशी फारसं बोलले नाहीत. तुझा भाऊ मला फार आवडला. तो मला कधीच भेटला नाही, याचा तुझ्यावर रागही आला. एवढ्यात वास आला. संगीतशिक्षकांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर अख्खी इस्त्री उमटली होती.

संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी तोच शर्ट न्यायला ते दारात हजर. "हे काय केलंत?" एवढंच म्हणाले. मी पुस्तक उघडून त्यांच्या हातात दिलं. उभ्याउभ्या वाचता वाचता ते धुण्याच्या ढिगावर बसले, पोट धरून हसले आणि तेच पान पुन्हा वाचू लागले. "जाऊ दे, मी काही श्रोत्यांकडे पाठ करून बसत नाही," म्हणाले आणि शर्ट घेऊन गेले. पुस्तकही घेऊन गेले.

घरी आईला हे सगळं हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. "माझ्यासमोर कधी गुणगुणलेसुद्धा नाहीत," म्हणाली आणि ताट सरकवून उठली.

तुझा,
ढेरपोट्या

ता. क. पुस्तकाची आणखी एक प्रत पाठव. संगीतशिक्षक परत देण्याचं नाव काढत नाहीत.

पुन्हा ता. क. प्रत सावकाश पाठव, घाई नाही. आईने विचारलंय, रेडिओवर गाणं कोणतं लागलं होतं? खरं तर तिने ते स्वतःच ठरवूनही टाकलंय. सकाळपासून कपड्यांच्या घड्या घालताना गुणगुणते आहे, आणि ध्रुवपदाशी थांबते, पुढची ओळ दुसऱ्या कुणी घ्यायची असल्यासारखी. तेव्हा तो प्रसंग तू मनाने रचला असशील, तर तसं मलासुद्धा कळवू नकोस.