कानापर्यंत हात

ती. रुक्माअक्का,

धाकट्या प्रेमानंदचा सविनय जय भीम. इकडं कळमनुरीत आम्ही सगळे खुशाल. तुझ्या गुडघ्याची तकलीफ कशी आहे? जवळा बाजारातही ऊन मी म्हणत असेल. पत्र बुद्धभूषण वाचून दाखवेलच. (भाच्या, कंसातलंही वाचायचं, गाळायचं नाही. आणि मामाचं पत्र आहे, हसायचं नाही.)

अक्का, या महिनाअखेर मी शाळेतल्या कारकुनीतून सुटतोय. पण सुटण्याआधीच मला पुस्तकानं धरलं. सून शीतल घरी बसून मानसशास्त्र शिकतेय. माणूस जन्मापासून म्हातारपणापर्यंत कसकसा वाढतो, यावर तिची जाडजूड पुस्तकं आहेत. दुपारी लिंबाखाली बाज टाकतो, एक पान वाचतो आणि हलणाऱ्या पाल्याकडं बघत पडतो. (मिना म्हणते, "काहून आभाळाकडं बघून राहिले? झोपायचं तर सरळ झोपा की." तिला चिंतन आणि डुलकी यांतला फरक कळत नाही. मलाही दर वेळी कळतो असं नाही.)

पुस्तक म्हणतं, वस्तू डोळ्याआड झाली तरी ती असते, हे तान्ह्या लेकराला कळत नाही, पुढं कळतं. खात्री करायला मी मिनाचा चष्मा उशीखाली ठेवला. तिनं सगळं घर उलथंपालथं केलं. तुझी वाढ नीट झालीय, असं मी तिला कौतुकानं सांगितलं, तर माझा चहाच डोळ्याआड झाला. मग स्टँडवर गेलो. तिथं आमच्या शाळेचे शिपाई किसनराव भेटले. पुस्तक म्हणतं, तेवढंच पाणी उंच भांड्यात ओतलं की लहान पोरांना जास्त वाटतं. मी एक चहा वाटीत आणि एक उंच ग्लासात ओतून त्यांना विचारलं, कशात जास्त? त्यांनी दोन्ही पिऊन टाकले आणि म्हणाले, "बराबर हाय."

ही सगळी गोड तंद्री शेवटच्या धड्यानं मोडली. वृद्धत्व! तो धडा निवृत्तीपासून सुरू होतो आणि माझी निवृत्ती एक जूनच्या जन्मतारखेवरून. किसनराव, माणिकराव सर आणि मी, तिघंही एकाच वर्षी, एकाच दिवशी जन्मलेलो. (एकाच्या तोंडात दात नाही, एकाचं डोकं अजून काळंभोर.) सगळ्यांची तारीख गुरुजींनीच टाकलेली.

मग लिंबाखाली पडल्यापडल्या तो दिवस दिसायला लागला. तू मला कडेवर घेऊन शाळेत नेलंस. गुरुजी म्हणाले, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धर. धरता आला तर सहा वर्षं पुरी. माझा हात काही पोचेना. तेवढ्यात मागून कुणीतरी तो ओढला, कान बोटांत दिला, आणि "धरला, गुरुजी, धरला!" असं ओरडलं. तो आवाज तुझा होता.

माय नंतर सांगायची, मी वर्गात बसलो की तुझी कड रिकामी होईल आणि तूही पाटी घेऊन बसशील, असं तुला वाटलं होतं. कड रिकामी झाली, पण दुसऱ्या दिवशी तुझ्या हातात खुरपं आलं. या पुस्तकात बालपणाचे खेळ आहेत, किशोरवयातली स्वप्नं आहेत. त्यात मी तुला शोधत बसलो. तू कुठल्याच पानावर सापडली नाहीस. लेकरू कडेवर घेऊन तू थेट मोठ्यांच्या धड्यात गेलेली. मला रडू आलं, अक्का. (मिनाला सांगितलं, डोळ्यात लिंबाचा मोहर गेला.)

मिना आणि शीतल तुझ्या पाया पडतात.

तुझा,
प्रेमानंद

ता. क. विचारायचं एवढंच होतं, की तू ओढलास तेव्हा हात कानापासून किती लांब होता? बराच लांब असेल तर मी कागदावरच्या वयापेक्षा लहान आहे. मग वृद्धत्वाचा धडा तूर्त उघडत नाही.

आणखी ता. क. काल पुन्हा करून पाहिलं. खांदा आखडलाय, हात कानापर्यंत जातच नाही. म्हणजे गुरुजींच्या मापानं मी अजून शाळेत घालण्याजोगाही नाही. तुझाही खांदा धरलाच असेल. तेव्हा जून लागला की मी पाटी घेऊन तुझ्याकडं येतोय. काही दिवस ठेवून घे. या वेळी दोघांनी एकाच दिवशी बसायचं, पहिल्या अक्षरापासून. कान कुणी कुणाचा धरायचा नाही.

(बुद्धभूषण, खालचा एक शब्द तू वाचायचा नाही. पत्र जपून ठेव. सोयाबीन निघेपर्यंत तो तिचा तिला वाचता येईल.)

रुक्माबाई