उपाशी कान

४ मार्च, सोमवार

गोळ्यांचं राज्य संपलं. आजपासून इन्सुलिन.

डॉक्टरीणबाईंचं नाव रात्री आणि दवाखाना सकाळचा. वय तिशीचं. माझ्याशी बोलताना आवाज असा लावतात की जणू मी बालवाडीत बसलोय. हे लांब पल्ल्याचं इन्सुलिन आहे, रोज संध्याकाळी एकदाच टोचायचं, पुढे दिवसभर हळूहळू झिरपत राहतं. म्हणून म्हणे जेवण चुकवायचं नाही, मनाने उपास करायचे नाहीत, खिशात गोड काहीतरी ठेवायचं. घाम सुटला, हात थरथरले, डोक्यात धुकं आलं की साखर उतरली समजायचं. म्हटलं, बाई, आपल्या क्लातेन गावात मार्च महिन्यात घाम न येणारा माणूस मला दाखवा. हसल्या नाहीत.

शेजारच्या बाकावरचा म्हातारा टोचलेलं बोट चोखत होता. शी!

संकल्प : शुगर इतकी खाली आणायची की बाईंनी तोंडात बोट घालावं. (स्वतःच्या.)

२४ तारखेला जिल्ह्याची होला पक्ष्यांची घुमण्याची स्पर्धा. पिंजरे उंच बांबूंवर चढवतात, खाली परीक्षक कान देऊन फिरतात, ज्याचं घुमणं सरस त्याच्या बांबूला निशाण. तालुका कचेरीतून रिटायर झाल्यापासून मी हेच करतो. यंदा प्रथमच मुख्य परीक्षक. अख्ख्या मध्य जावात असे कान दुसरे नाहीत, हे मी नाही म्हणत. कुणीतरी म्हणेलच.

५ मार्च, मंगळवार

लस्मीनीने टोचलं. मी डोळे मिटले होते, भीतीने नव्हे. बायको सुई घेऊन चालून येतेय हे दृश्य संसाराला शोभत नाही.

तिने माझ्या प्रत्येक शर्टाच्या खिशात ताडगुळाचा खडा कागदात बांधून ठेवलाय. परिणाम : त्रिमोच्या ओसरीवर गंभीर चर्चा चालू असताना खिशातून मुंग्यांची मिरवणूक निघाली आणि दाढीपर्यंत पोचली. त्रिमो माझा जोडीदार परीक्षक, वीस वर्षांचा दोस्त. म्हणतो, मास हार्जो (मास म्हणजे दादा), तुझ्यावर कुणीतरी प्रेम करतंय. मूर्ख.

सगळे खडे गटारात. किळस आली.

७ मार्च, गुरुवार

सोमवार-गुरुवारचा उपास सुरू केला. आमचे जुने लोक उगाच नाही करत. पोट रिकामं झालं की कान उघडतात. लस्मीनी म्हणाली, अहो, बाईंनी नको सांगितलंय, आणि आजाऱ्याला तर धर्मानेही सूट दिलीय. म्हटलं, आजारी कोण? मला फक्त थोडी साखर आहे.

दुपार : कान खरंच उघडले. दोन घरं पलीकडे कुणीतरी क्रुपुक, आमचा तो तळलेला पापड, चावतंय, ते कवटीच्या आत चावल्यासारखं ऐकू येतंय. माणसं इतकी ओंगळ खातात हे आजवर कळलंच नव्हतं. फाटकाच्या कडीचा आवाज ओंगळ. कोंबडा ओंगळ. लस्मीनीची चप्पल फटक फटक, तीही ओंगळ. रागाने हात थरथरतायत. शर्ट ओला.

नंतर : लस्मीनीने गोड चहा आणला आणि पिऊन टाका म्हणाली. तिच्या समाधानासाठी प्यायलो. सूर्य बुडायचा होता. पण उपास मोडला म्हणता येणार नाही. थोडा वाकला.

११ मार्च, सोमवार

विजय! मीटरवर सकाळी बासष्ट!

त्रिमोला कळवलं. सेमारांगला मुलीला फोटो पाठवला. तिने रडक्या तोंडाचं चित्र पाठवलं. आनंदाश्रू असावेत.

लस्मीनीने परस्पर डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, पाक हार्जो (पाक म्हणजे काका), ही गोल्फची मॅच नाही, कमी आकडेवाला जिंकत नाही. सत्तरच्या खाली म्हणजे धोका. ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, मग पोटभर जेवा. आजपासून डोस कमी करायचा आणि उद्या मला भेटायला यायचं.

माझं यश बघवत नाही. जाणार नाही. डोस तोच ठेवला. पेनाची चकती मीच फिरवतो, लस्मीनीला चष्म्याशिवाय आकडे दिसत नाहीत. आता टोचायचं कामही मीच घेतलंय. शिकायला काय लागतं!

१३ मार्च, बुधवार

त्रिमोकडे सराव. त्याने नवा होला घेतलाय. जेवायच्या आधी गेलो, कान ताजे असताना. पक्षी घुमला. आवाज असा, जसं कुणी फाटक्या पिपाणीत शेंबूड शिंकरतंय. मी परखड मत दिलं. त्रिमो म्हणतो, मी ते मत पिंजऱ्यापाशी नाक नेऊन पक्ष्यालाच ऐकवलं. मला तसं आठवत नाही.

ओसरी तापली होती, घाम निथळत होता. त्रिमोने दंडाला धरून बसवलं आणि साखरेचा पाक म्हणावा असा चहा जबरदस्तीने पाजला. वर दोन केळी.

थोड्या वेळाने पक्षी परत घुमला. काय सांगू! सुरुवात गोल, मधला ठेका मोजून मापून, शेवट घंटेसारखा. दहा मिनिटांत इतकी सुधारणा पक्ष्यात होत नसते. त्रिमोने आत जाऊन पक्षी बदलला, याबद्दल माझी खात्री आहे. वीस वर्षांची दोस्ती, आणि हे धंदे!

१८ मार्च, सोमवार

सकाळी उठलो तर चादर पिळून काढावी इतकी ओली. गादीला वास. ही गादी करणाऱ्याला भर चौकात उभा केला पाहिजे. लस्मीनी काही न बोलता टॉवेल अंथरते. तिच्या त्या न बोलण्याचा मला वीट आलाय.

म्हणाली, स्पर्धेला मी बरोबर येते. म्हटलं, मुख्य परीक्षक बायकोचा पदर धरून मैदानात उतरतो असं कधी ऐकलंयस? म्हणाली, ऐकलं नाही, पण बेशुद्ध पडून बाहेर येतो असंही ऐकलेलं नाही. तिला वाटतं ती विनोदी आहे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज इंजेक्शन घेतल्यावर फुली मारायची, हीदेखील तिचीच सूचना. म्हटलं, ज्या माणसाला बारा वर्षांपूर्वीच्या विजेत्या होल्याचा शेवटचा सूर आठवतो, त्याला फुल्या लागत नाहीत.

२३ मार्च, शनिवार

उद्या!

पट्ट्यापट्ट्यांचा लुरिक शर्ट इस्त्री करून ठेवला. शिट्टी, निशाणं, टोपी तयार.

लस्मीनी शेजारी प्रार्थनेला गेली होती. इंजेक्शन घेतलं, नमाज पढलो, निशाणं रंगांप्रमाणे लावली. मग प्रश्न पडला, इंजेक्शन घेतलं का? घेतल्यासारखं वाटत होतं. पण ते काल घेतल्याचं आठवत असेल. पोट चाचपलं. सुईच्या खुणा भरपूर, पण कुठलीच आपली तारीख सांगेना.

उद्या शुगर चढलेली परवडणार नाही. कमी पडण्यापेक्षा जास्त बरं. घेऊन टाकलं.

ती विचारत आली, घेतलं का हो? म्हटलं, घेतलं. खोटं काहीच बोललो नाही.

सकाळी पोट रिकामं ठेवणार.

२४ मार्च, रविवार, सकाळ

कान तलवारीसारखे. लस्मीनीने भात आणि टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, डब्यात दिलाय. रस्त्यातल्या कुत्र्याला घातला. कुत्र्याची खाण्याची पद्धत किळसवाणी.

अक्षर हलतंय. पेन भिकार.

२६ मार्च, मंगळवार. इस्पितळ.

हाताला सलाईन. डाव्या हाताने लिहितोय. पुढचं बरंचसं त्रिमोच्या तोंडून. काही भाग मला मान्य नाही.

पहिली फेरी मी उत्तम घेतली, हे तोही कबूल करतो. दुसऱ्या फेरीला एका मालकाला विचारलं की हा पक्षी आहे की तुझा मेव्हणा. तिसऱ्या फेरीत मी मैदानाच्या कडेच्या एका खांबाखाली जाऊन उभा राहिलो, डोळे मिटले, हात छातीवर ठेवला. बराच वेळ ऐकलं. डोळ्यांतून पाणी आलं म्हणे. मग खिशातलं सगळ्यात मानाचं निशाण काढून त्या खांबाला लावलं.

खांबावर पिंजरा नव्हता. लाऊडस्पीकर होता. फाटकात आडवी लावलेली निळी मोटरसायकल काढा, असं तो सांगत होता.

त्रिमो धावला. दोन ग्लास गोड चहा पाजला. मी शुद्धीत आलो, मला काही झालेलं नाही म्हणालो. तो म्हणाला, मास, आता नीट जेव, बस. मी त्याचा हात झटकला आणि पुन्हा मैदानात गेलो. निकाल मागे घ्यायला नव्हे. तो खांब का सरस आहे हे समजावून सांगायला. अर्ध्या तासात साखर परत उतरली. चहा संपतो, आत झिरपणारं इन्सुलिन संपत नाही. माझं तर दुप्पट होतं. मी आडवा.

कुणीतरी तोंडात सरबत ओतायला निघालं. तेव्हा चहाच्या टपरीमागून एक बाई गर्दी फोडत आली आणि ओरडली, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, छातीत जाईल! कुशीवर वळवा! गाडी आणा!

लस्मीनी. त्रिमोच्या बायकोची ओढणी डोक्यावर घेऊन सकाळपासून लपून बसली होती. मी मात्र डब्याबद्दल विचारल्यावर तिला काय सांगायचं, याचाच विचार रुग्णवाहिकेत करत होतो. शुद्धीत नव्हतो म्हणतात, पण करत होतो.

संध्याकाळ

परवा संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शनिवारी किती डोस घेतलेत? म्हटलं, एक. त्या म्हणाल्या, मग आता साखर वर आलीय, हातातली नळी काढू, जेवा आणि घरी जा. लस्मीनी पिशवी भरायला लागली. रिक्षाला किती पडतील ते बाहेर विचारून आली. माझी चप्पल जमिनीवर जोडीने मांडली आणि पायात घालायला खाली वाकली. तिचा हात थरथरत होता. आणि तिला काही साखरेचा आजार नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, कदाचित दोन असतील.

नळी होती तिथेच राहिली. पहाटेपूर्वी साखर परत पन्नासच्या आसपास उतरली. नर्स शेजारीच होती म्हणून निभावलं. घरी असतो तर, असं बाई म्हणाल्या आणि वाक्य पुरं केलं नाही.

मी हे वैद्यकशास्त्राच्या सेवेसाठी सांगितलं, हे नोंदवून ठेवतो.

२८ मार्च, गुरुवार. घरी.

मोठा शोध! निघताना बाई म्हणाल्या की साखर उतरली की माणूस चिडखोर होतो. उगाच भांडतो, सगळ्याची किळस येते, वाट्टेल ते बोलतो. मेंदूला खायला मिळत नाही म्हणून. त्याचा दोष नसतो.

दोष नसतो! हे आधी का नाही सांगितलं?

डोस कमी केलाय. नाश्ता करतो. कॅलेंडरवर फुली लस्मीनी मारते, तिचा हट्ट. आणि आजपासून सगळ्यांकडे जाऊन खुलासा करायचा. होल्याला शेंबूड म्हणालो, ती साखर. त्या मालकाच्या मेव्हण्याचा विषय, साखर. गादीवाला, साखर. मी मुळात अतिशय शांत माणूस आहे. आता सगळ्यांना कळेल.

३० मार्च, शनिवार

त्रिमोकडे खुलासा केला. तो पिंजरा पुसत होता. म्हणाला, मास, मला वाईट वाटतं ते एवढंच की लवकर ओळखलं नाही. शप्पथ सांगतो, दुसऱ्या फेरीपासून तू बिघडला होतास. पण घाम गाळत, शिव्या देत, पक्ष्यांना नावं ठेवत फिरणारा तू, यात आम्हाला वेगळं काय दिसणार? वीस वर्षं असाच फिरतोयस. खांबाला निशाण लावलंस तेव्हा शंका आली. तोवर पंचकमिटीला वाटत होतं, यंदा मास हार्जो जरा मवाळ झालाय.

घरी येऊन लस्मीनीला सांगितलं. वाटलं, ती तरी बाजू घेईल. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, आपल्या लग्नात तुम्ही माझ्या आईला सांगितलंत की तिचा भात म्हणजे भिंतीला लावायचा चुना आहे. तेव्हा तुम्ही सव्वीस वर्षांचे होता. तेव्हा कुठली हो साखर?

म्हटलं, असेल. कोण मोजत होतं?

३१ मार्च, रविवार

नाश्ता वेळेवर. भात, अंडं, टेंपे. लस्मीनी समोर बसून हळूहळू क्रुपुक चावत होती. कुर्र. कुर्र. एक संपायला तिला इतका वेळ लागतो की माझ्या डोक्यात सणक गेली. म्हटलं, बाई, तू खातेस की लाकूड कापतेस? जनावरं बरी!

तिने तुकडा खाली ठेवला. रागावली नाही. उठली, मीटर घेऊन आली, माझं बोट धरलं आणि टोचलं. मी आकडा कमी येईल म्हणून वाट बघत बसलो. इतकी वाट कधीच पाहिली नव्हती.

एकशे अठरा.

तिने आकडा मला दाखवला. एकदम नॉर्मल आहे हो, म्हणाली. आणि राहिलेला क्रुपुक घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसली.

मी आणखी एकदा तपासलं. दुसऱ्या बोटाने.

एकशे वीस.