पाच पायांचा बैल

बाई,

आज दुपारी डोळा लागला आणि मी पुन्हा उचगावच्या आपल्या बालवाडीत होते. पावसानं उघडीप दिलीय, पत्र्याच्या फटीतून ऊन येतंय आणि मुलं चवड्यांवर बसून बेंदराचे मातीचे बैल करताहेत. कुणाचंच डोकं वर होत नाही. तुम्ही दाराशी बसलाय, काहीच न शिकवता. पालकांना तेच खुपायचं. नव्वदनंतरची ती वर्षं, गल्लोगल्ली इंग्रजी बालवाड्या निघत होत्या. शेजारची पोरं एबीसीडी म्हणतात आणि आमची चिखलात खेळतात, अशी त्यांची कुरकुर. इतर शाळांत हाताची घडी, तोंडावर बोट मुलांना. तुमच्याकडे ते आम्हा मदतनीस ताईंना. एकोणीस वर्षांची होते मी आणि माझे हात सारखे शिवशिवायचे.

ती दोन वेण्यांची मुलगी तीन दिवस एकाच बैलाशी झटत होती. चार पायांवर तो उभा राहीना, म्हणून तिनं पोटाखाली पाचवा लावला. तुम्ही केवढ्या खूश झालात. पण दुसऱ्या दिवशी पालक बघायला येणार होते आणि मला त्या पायाची लाज वाटली. सगळे गेल्यावर मी तो काढला, उरलेले चार जाड केले, शिंगं वळवली. सकाळी ती रांगेसमोरून दोनदा फिरली आणि म्हणाली, "ह्यात माझा बैल न्हाय." रडली नाही. बाहेर पायरीवर जाऊन बसली.

तुम्हाला वाटलं, तिच्या आईनंच हात फिरवला. ती मुलीला न्यायला लवकर येऊन बसायची ना. चारचौघांत तुम्ही तिला सुनावलंत.

"मी हात बी लावला न्हाय, बाई," ती म्हणाली.

पोरांचं सगळं खरं मानणाऱ्या तुम्ही, तिचं मात्र मानलं नाहीत. मी शेजारी उभी होते, गप्प. बेंदूर झाला आणि ती मुलगी यायची बंद झाली. तुम्ही महिनाभर तिचं बसकर टाकत राहिलात.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ती आई मला कळंब्याच्या बसमध्ये भेटली. तुमची आठवण तिनंच काढली. "बाई लई चांगल्या व्हत्या," म्हणाली, "पर माझं खरं मानलं न्हाय की त्यांनी." मी मान डोलावली आणि दोन स्टॉप आधीच उतरले.

हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं. तिचं घर मला माहीत आहे. पण बाई, तुम्ही आता रागावू शकत नाही, म्हणून तुम्हालाच लिहिलं.