खाटेखालच्या चपला

मंगळवार, संध्याकाळ

गुलाबदादाला मी उभं करून पाहिलंच नाही.

दुपारी चौघांनी त्याला डोंगरातल्या पाड्यावरून झोळीत घालून आमच्या आरोग्य केंद्रात आणलं. सकाळपासून चक्कर आणि उलट्या. हातपाय हलत होते, बोलणं स्वच्छ, तोंड वाकडं नाही. मी म्हटलं, कानाचा त्रास आहे. इंजेक्शन दिलं, उलट्या थांबल्या. चौघांनी पुन्हा झोळीत घातलं आणि नेलं. इथे सगळेच झोळीतून येतात, बाळंतीण काय, तापाचा माणूस काय. झोळी पाहून कोण विचारतं, याला चालता येतं का?

सहा वाजता सिस्टरांनी खाटेखालून चपला काढल्या. "मॅडम, ह्या चपला कोन्या शेतस?"

त्याच्याच. बायकोने हातात धरून आणल्या होत्या.

कानाची चक्कर असेल तर माणूस बहुधा भिंत धरून चार पावलं टाकतो. मेंदूच्या मागच्या भागात झटका असेल तर हातपाय हलतात, बोलणंही स्वच्छ असू शकतं, पण कित्येकदा उभंही राहता येत नाही. हे मला पाठ आहे. मग? गर्दी होती? नाही, चारच पेशंट होते.

पाड्यावर फोन लागत नाही. अॅम्ब्युलन्स पाठवली, पण ती नाल्यापर्यंतच जाते. पुढे ड्रायव्हर पायी गेलाय. निरोप एवढाच, कसाही असला तरी परत आणा.

चपला माझ्या टेबलावर आहेत. ती बाई नवऱ्याच्या चपला घेऊन डोंगर उतरली. म्हणजे तिला तरी वाटत होतं, डॉक्टरीण त्याला उभं करेल.